कबड्डी : ताबा मैदानाचा, डाव रेषांचा

(विशेष प्रतिनिधी)
अचलपूर : कबड्डी हा दमाचा आणि ताकदीचा खेळ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची नाही. पण अपुरी आहे. दोन तुल्यबळ संघ समोरासमोर येतात तेव्हा निकाल बहुधा वेगळ्याच गोष्टीवर ठरतो. कोणता गडी कोठे उभा आहे, मोकळी जागा कोणाच्या हाती आहे आणि मैदानाच्या कडेकडे कोण ढकलला जात आहे, यांवर सामना फिरतो. अचलपूर-परतवाडा परिसरात काळ्या मातीवर फक्कीने आखलेले मैदान असो वा मोठ्या स्पर्धेतील मॅट, हे सूत्र सारखेच आहे.

या खेळाशी अमरावती जिल्ह्याचे नाते जुने आहे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन केलेल्या संस्थेतून पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ नावारूपाला आले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांबरोबर हुतूतूचीही प्रात्यक्षिके दाखविली. आशियाई क्रीडा स्पर्धेत कबड्डीचा समावेश झाला तो १९९० मध्ये, बीजिंग येथे. महिलांच्या कबड्डीला २०१० मध्ये ग्वांगझू येथे स्थान मिळाले.

मैदानाचे गणित

पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. दोन्ही बाजूंची एकेक मीटरची पट्टी म्हणजे राखीव क्षेत्र अथवा लॉबी. ती वगळता प्रत्येक संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर बाय आठ मीटर, म्हणजे ५२ चौरस मीटर जागा येते. सातही गडी मैदानात असताना एकेकाला सुमारे साडेसात चौरस मीटर जागा राखावी लागते. तीनच गडी उरले की हाच आकडा सतरावर जातो. गडी बाद होण्याचे खरे नुकसान हे आहे. एक गुण जातो तो जातोच, शिवाय साखळीला भगदाड पडते.

हा असमतोल फार वाढू नये, अशी नियमांची रचना आहे. बोनस गुण समोर सहा किंवा अधिक बचावपटू असतानाच मिळतो. बचावात तीन किंवा कमी गडी असताना चढाईपटू पकडला गेल्यास अव्वल पकडीचा एक जादा गुण दिला जातो. त्यामुळे तिघांचा बचावही धोकादायक ठरतो. सर्व गडी बाद झाले, की मात्र लोण चढतो आणि प्रतिस्पर्ध्यांना दोन गुण अधिक मिळतात.

बचावाची कमान

चढाईपटूच्या मागे मध्यरेषा असते. तेथपर्यंत परतला की तो सुरक्षित. म्हणून बचावाचा सारा डाव त्याचा परतीचा मार्ग तोडण्याचा असतो. येथे एक विरोधाभास दिसतो. बचाव करणारा संघ मैदानाचा मध्य मोकळा सोडतो आणि स्वतः कडेला कमानीसारखा पसरतो. दोन कोपरारक्षक सर्वांत मागे, त्यांच्या आत साथीदार, तर मध्यरक्षक थोडे पुढे. मोकळा दिसणारा मध्य हा खरे तर सापळा असतो. चढाईपटू आत शिरला, की कोपऱ्यातून घोटा किंवा मांडी धरली जाते आणि मध्यरक्षक मध्यरेषेची वाट अडवतो.

चढाईपटूलाही आत शिरल्यावाचून गत्यंतर नसते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा आहे. कोणाला स्पर्श झाला नाही, तर ती ओलांडावीच लागते. अन्यथा तो बाद. हाताशी असतात ३० सेकंद. म्हणून जाणता चढाईपटू सरळ आत जात नाही. एका कोपऱ्याकडे हुलकावणी देऊन तो कमान एका बाजूला ओढतो आणि दुसऱ्या बाजूला पडलेल्या फटीतून गुण घेतो. मागे सरता सरता बचावपटूचा पाय अंतिम रेषेबाहेर गेला, तर स्पर्शाविनाच गुण पदरात पडतो.

संगणकावरील झुंजीच्या खेळांनाही हीच दृष्टी लागते. निन्टेन्डो कंपनीने १९९९ मध्ये आणलेल्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’मध्ये प्रतिस्पर्ध्याला मंचाबाहेर फेकायचे असते. जो मंचाचा मध्य राखतो त्याच्यापुढे पर्याय अनेक. कडेला लोटला गेलेल्यापुढे मोजकेच. कबड्डीत मध्य राखण्याऐवजी तो वेढला जातो, इतकाच फरक. प्रतिस्पर्ध्याचे पर्याय कमी करणे हे मर्म दोन्हीकडे एकच.

एका पट्टीवर अडलेले सुवर्ण

कडेच्या एका मीटरचे मोल किती, हे ७ ऑक्टोबर २०२३ रोजी साऱ्या जगाने पाहिले. हांगझोऊ आशियाई स्पर्धेतील भारत-इराण अंतिम सामना २८-२८ असा बरोबरीत होता. स्पर्श होईपर्यंत लॉबी मैदानाबाहेर समजली जाते, स्पर्शानंतर ती खेळात येते. पवन सेहरावत कोणालाही स्पर्श न करता लॉबीत गेला आणि त्याला अडविण्याच्या भरात इराणचे बचावपटूही त्याच्यामागे तेथे उतरले. केवळ चढाईपटू बाद, की मागे गेलेले बचावपटूही बाद? नियमाच्या जुन्या-नव्या अर्थांवरून वाद पेटला, सामना बराच वेळ थांबला. अखेर भारताने ३३-२९ असे सुवर्ण जिंकले.

त्यापूर्वी २०१८ मध्ये जकार्ता येथे इराणने भारतीय पुरुषांना उपांत्य फेरीत २७-१८, तर महिलांना अंतिम फेरीत २७-२४ असे हरविले होते. इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. खेळाचे हे शास्त्र शिकविले तर कोणालाही अवगत होते, याचा हा पुरावा.

गावच्या मैदानावर लॉबीची पट्टी पुष्कळदा पुसट होते, कधी आखलीच जात नाही. तेथे घडलेला खेळाडू ताकदीत कमी नसतो. पण मोठ्या स्पर्धेत त्याचा पाय नेमका त्याच पट्टीवर चुकतो. दंड-बैठकांइतकाच सराव रेषांचाही हवा, तो याचसाठी. फक्कीच्या चार मुठी अधिक खर्च झाल्या तरी चालतील, रेषा मात्र स्पष्ट हव्यात.