मुहंदिसखान्याची अडीचशे वर्षे

आपल्या समाजात विज्ञानाचा विषय निघाला की बोलणारा थेट बगदाद आणि कोर्डोव्हाला जाऊन पोहोचतो. अल-ख्वारिझ्मी, इब्न सीना यांची नावे अभिमानाने घेतली जातात आणि लगेच आजच्या मागासलेपणाची खंत सुरू होते. मधल्या शतकांत काय घडले, याची चौकशी सहसा होत नाही. इस्तंबूल तांत्रिक विद्यापीठाचा इतिहास हा त्या मधल्या काळाचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात एका पराभवातून झाली. १७७० साली चेश्मेच्या बंदरात रशियन आरमाराने उस्मानी आरमार जाळून टाकले. शौर्य कमी पडले नव्हते, गणित आणि जहाजबांधणीचे नवे ज्ञान कमी पडले होते. सुलतान मुस्तफा तिसरे यांच्या कारकिर्दीत १७७३ मध्ये गोदीत नाविक मुहंदिसखाना सुरू झाला. मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. हा शब्द ‘हिंदसा’ म्हणजे भूमिती यावरून आला आणि त्याच्या मुळाशी फारसीतला ‘अंदाजा’ आहे. आपला मराठी ‘अंदाज’ही त्याच घराण्यातला! १७९५ मध्ये सलीम तिसरे यांनी भूदलासाठी दुसरा मुहंदिसखाना उभारला, त्याला छापखाना जोडला. सुधारणाविरोधी सैनिकांनी १८०७ मध्ये सलीम यांना पदच्युत केले, पुढच्या वर्षी त्यांचा खून झाला. शाळा मात्र टिकली.

या शाळेतले सर्वांत मोठे काम एका शिक्षकाने केले. इसहाक एफेंदी १८३० च्या सुमारास तेथे मुख्य शिक्षक झाले. अरबी, फारसी, फ्रेंच, लॅटिन अशा अनेक भाषा त्यांना येत. गणित, भौतिकी, रसायन, खगोल या विषयांवरचा त्यांचा चार खंडांचा ग्रंथ १८३१ ते १८३४ या काळात तुर्की भाषेत छापला गेला. नव्या संकल्पनांना शब्दच नव्हते, ते त्यांनी अरबी धातूंवरून घडवले. पुढे मदिनेतील पवित्र वास्तूंच्या दुरुस्तीवर देखरेख करून परतताना १८३६ मध्ये वाटेतच त्यांचे निधन झाले. दीन आणि विज्ञान यांची फारकत त्यांच्या आयुष्यात दिसत नाही.

१८८३ मध्ये नागरी बांधकामाचे शिक्षण देणारी वेगळी शाळा निघाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रियाचे कार्ल तेर्झागी येथे शिकवीत होते. मातीच्या भारवहनाचे शास्त्र ज्यांनी उभे केले, ते हेच. १९२८ मध्ये लिपी बदलली आणि इसहाक एफेंदींचा ग्रंथ नव्या पिढीला परका झाला. ‘मुसल्लस’ जाऊन त्रिकोणाला नवा तुर्की शब्द आला. ही मोठी किंमत होती. पण शिकवण्याची भाषा तुर्कीच राहिली. १९३३ मध्ये साबिहा रिफत आणि मेलेक एरबुल या पहिल्या दोन महिला इंजिनिअर येथून बाहेर पडल्या. १९४४ मध्ये संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ताश्किश्ला, म्हणजे दगडी बराक, या जुन्या लष्करी इमारतीत वास्तुशास्त्राचे वर्ग भरू लागले. १९५२ मध्ये तुर्कस्तानातले पहिले दूरचित्रवाणी प्रक्षेपण याच विद्यापीठाने केले.

नेज्मेत्तिन एर्बाकान, सुलेमान देमिरेल आणि तुर्गुत ओझाल हे तिघे १९४८ ते १९५० या काळात येथून इंजिनिअर झाले. पुढे तिघेही पंतप्रधान झाले, आणि एकमेकांचे राजकीय प्रतिस्पर्धीही. धर्मनिष्ठ आणि धर्मनिरपेक्ष अशी सोपी विभागणी या वर्गखोल्यांना लागू पडत नाही. डाग मात्र आहे. डोक्यावर रुमाल बांधणाऱ्या मुलींना तुर्कस्तानच्या विद्यापीठांची दारे अनेक वर्षे बंद होती. ती २०१० नंतर उघडत गेली. १९३३ मध्ये मुलींना सामावून घेणाऱ्या व्यवस्थेनेच पुढे अनेक मुलींना वेशावरून परत पाठवावे, हे विसरता येणार नाही.

इसहाक एफेंदींच्या थोडे आधी, १८२० च्या दशकात, मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस गणिताची पुस्तके मराठीत आणून इंजिनिअरिंग शिकवीत होता. तो प्रयोग फार काळ टिकला नाही. आपली मुले आज इंजिनिअर होतात, याचा आनंद आहेच. पण जे ज्ञान त्यांना मिळते ते आपल्या बोलीत उतरवून शेजारच्या मुलाला, मुलीला देणारे किती? पूर्वजांचे गुणगान सोपे असते. शब्द घडवत, पुस्तके छापत, हरल्यावरही शाळा चालू ठेवणे कठीण असते. इसहाक एफेंदींचा वारसा सांगायचा असेल, तर तो या कामाचा सांगावा.