मोजलं होतं, पण सांगितलं नाही: नदीतला मासा, पारा आणि आपण

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात हिंगोलीच्या मासळी बाजारातून करू. इथे मिळणारा रोहू, कटला, मृगळ, मरळ बहुतेक गोड्या पाण्यातला असतो. पूर्णेवरची येलदरी आणि सिद्धेश्वर धरणं, पैनगंगेवरचं इसापूर, नाहीतर जवळपासचा एखादा तलाव. भोई समाजातल्या कितीतरी घरांची चूल या पाण्यावर पेटते. म्हणून ‘माशात जड धातू’ अशी बातमी मोबाईलवर आली की दोन गोष्टी होतात: खाणारा घाबरतो आणि विकणाऱ्याचा धंदा बसतो. नेमकं काय मोजलं, किती निघालं, हे मात्र कुणी सांगत नाही.

आता जपानकडे जाऊ. मिनामाता हे नाव अनेकांनी ऐकलं असेल. तिथल्या चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून पारा समुद्राच्या खाडीत जात होता. १ मे १९५६ रोजी या आजाराची पहिली सरकारी नोंद झाली. हातापायाला मुंग्या, तोल जाणं, नजर अरुंद होणं, बोलणं अडखळणं. जुलै १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी कारखान्याच्या दवाखान्यातले डॉक्टर होसोकावा यांनी कारखान्याचं सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला खाऊ घातलं. मांजराला तोच आजार झाला. कंपनीने हा निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही.

इथपर्यंतची गोष्ट समुद्राची. आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे, आणि ती नदीची आहे.

१९६५ साली निगाता भागात, आगानो नदीकाठी, तेच रुग्ण सापडले. शोवा डेन्को कंपनीचा कारखाना नदीच्या मुखापासून सुमारे ६० किलोमीटर वर होता, आणि तिथे ॲसिटाल्डिहाइड बनवण्याची प्रक्रिया मिनामातासारखीच होती. लोक जो मासा खात होते त्यात ‘निगोई’ होता, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला. कंपनी म्हणाली, १९६४ च्या भूकंपात गोदामातली शेतीची औषधं नदीत गेली, दोष त्यांचा. नदीकाठची माणसं १९६७ मध्ये कोर्टात गेली आणि १९७१ मध्ये जिंकली. पण तोवर शेकडो घरांचं नुकसान होऊन गेलं होतं. १९५९ चा निष्कर्ष तेव्हाच उघड झाला असता, तर आगानोच्या काठावर वेळीच सावध होता आलं असतं. मोजमाप झालेलं होतं, ते फक्त फाईलमध्ये राहिलं.

पारा माशात जातो कसा? तळातल्या गाळातले जिवाणू साध्या पाऱ्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. तो शेवाळात, सूक्ष्म जिवांत, लहान माशात, मग लहान मासे खाणाऱ्या मोठ्या माशात साठत जातो. प्रत्येक पायरीला प्रमाण वाढतं. तो मांसातल्या प्रथिनांना चिकटतो, म्हणून कितीही धुवा, तळा, रस्सा करा, तो जात नाही. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत तो पोचतो, म्हणून सर्वात जास्त जपायचं तिथे. कॅडमियमचं वेगळं आहे. ते माशाच्या यकृतात आणि मूत्रपिंडात जास्त साठतं, म्हणून आतडी-काळीज काढून टाकायची जुनी सवय चांगलीच.

हे फक्त जपानचं नाही. कॉस्टिक सोडा बनवण्याच्या जुन्या पद्धतीत पारा वापरायचे, आणि कल्याण पट्ट्यातल्या उद्योगांचं पाणी उल्हास नदीत जायचं. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उल्हास खाडीच्या गाळातल्या पाऱ्यावरचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. पारा वाहून संपत नाही, गाळात बसून राहतो.

हिंगोलीत तसला कारखाना नाही, म्हणून येलदरीचं आगानो झालंय असं म्हणणं चूक. मासा सोडायचाही नाही. स्वस्तात इतकं चांगलं प्रथिन दुसरं कुठलं? करायचं एवढंच: रोहू-कटला बिनधास्त खा, मरळीसारखा शिकारी आणि खूप मोठा, जुना मासा रोज नको, गरोदरपणात तर नकोच. नाल्याच्या तोंडाशी धरलेला मासा टाळा. थाई मांगूर घेऊ नका, त्याच्या पालनावर बंदी आहे.

आणि एक मागणी. बहुतेक माशांसाठी आपल्याकडे पाऱ्याची मर्यादा किलोमागे ०.५ मिलिग्रॅम आहे. कागदावर मर्यादा असून भागत नाही. अन्न व औषध प्रशासनाने आपल्या धरणांतला मासा दरवर्षी तपासावा आणि आकडे मराठीत, मासळी बाजारातल्या फळ्यावर लावावेत. आकडा चांगला निघाला तर भोई बांधवांचा धंदा वाढेल. वाईट निघाला तर लेकरं वाचतील. ग्रामसभेत, मच्छीमार संस्थेच्या बैठकीत हा विषय काढा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

भेटू पुढच्या भागात.