खिशांतील पिस्तुलांवरील लेख व अंक

ताम्रपट, नाणीं आणि मुद्रा कशा वाचाव्या हें या त्रैमासिकाच्या वाचकांस आम्हीं सांगावें असें नाहीं. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभींचीं, खिशांत मावणारीं पिस्तुलें हींही लेखयुक्त साधनेंच होत. त्यांवरील अंकांकडे दुर्लक्ष झाल्यामुळें युरोपच्या इतिहासांत एक चूक अनेक दशकें चालत राहिली. ही गोष्ट संग्राहकांच्या नजरेस आणणें अवश्य वाटल्यावरून हा अल्प लेख लिहिला आहे.

जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५-१९२६) या अमेरिकन शस्त्रकल्पकाच्या योजनेवरून, बेल्जममधील लिएझ शहराजवळच्या हेर्स्ताल येथील फाब्रिक नास्योनाल या कारखान्यानें १९०० च्या सुमारास ७.६५ मिलिमीटर काडतुसाचें पिस्तूल बाजारांत आणिलें. या नमुन्याचीं सात लाखांहून अधिक पिस्तुलें तयार झालीं. त्यामागून ६.३५ मिलिमीटरचें, अवघें साडेचार इंच लांबीचें पिस्तूल निघालें; तें बंडीच्या खिशांत सहज राही. पुढें १९१० चा नमुना आला. अमेरिकेंत कोल्ट कारखानाही ब्राउनिंगच्याच योजनेचीं पिस्तुलें करीत होता. तात्पर्य, ‘ब्राउनिंग’ हें एका शस्त्राचें नांव नसून एका कुळाचें नांव आहे. १९०० च्या नमुन्यांत परत ढकलणारी कमान नळीच्या वर असते, तर १९१० च्या नमुन्यांत ती नळीभोंवतीं गुंडाळलेली असते. एवढ्या एका खुणेवरून दोन्ही नमुने ओळखतां येतात.

आतां लेखांविषयीं. हेर्स्तालच्या पिस्तुलावर कारखान्याचें नांव, गांव आणि ब्राउनिंगच्या एकस्वाचा उल्लेख कोरलेला असतो. त्याच्या शेवटीं येणाऱ्या ‘एस. जी. डी. जी.’ या अक्षरांचा अर्थ ‘सरकारची हमी नाहीं’ असा आहे. मुकुटाखालील लंबवर्तुळांत ‘ई. एल. जी.’ हीं अक्षरें व तारा असल्यास तो लिएझच्या परीक्षागृहाचा शिक्का समजावा. अंक निरनिराळ्या भागांवर ठोकलेला असतो. तो सर्वत्र जुळतो कीं नाहीं हें पाहणें, ताम्रपटाचे पत्रे एकाच शासनाचे आहेत कीं नाहींत हें पाहण्याइतकेंच महत्त्वाचें आहे. चीनमध्यें १९०० च्या नमुन्याच्या पुष्कळ हातघडणीच्या नकला झाल्या. त्यांवरील रोमन अक्षरें बहुधा चुकलेलीं, क्वचित् निरर्थक असतात. हर्षाच्या मधुबन ताम्रपटांत ज्या कूटशासनाचा निर्देश आहे, त्याच जातीचा हा प्रकार होय. तो अक्षरांवरूनच उघडकीस येतो.

२८ जून १९१४ रोजीं सारायेव्हो येथें गाव्रिलो प्रिन्सिप यानें ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड व त्याची पत्नी सोफी यांस गोळ्या घातल्या. तें पिस्तूल १९०० च्या नमुन्याचें, ७.६५ मिलिमीटरचें होतें, असें अनेक ग्रंथकारांनीं लिहिलें आणि एकाचें पाहून दुसऱ्यानें उतरलें. वस्तुतः अधिकृत कागदांत १९०७४ हा अंक नमूद होता. आणि त्या अंकाचें पिस्तूल १९१० च्या नमुन्याचें, ९ मिलिमीटर आंखूड काडतुसाचें आहे. युवराजास अंतकाळचा धर्मसंस्कार देणारा जेझुइट पाद्री आन्तोन पुंतिगाम याच्याकडे खटल्यानंतर त्या प्रसंगाच्या वस्तु गेल्या. तो १९२६ त वारला. त्या वस्तु २००४ सालीं ऑस्ट्रियांतील जेझुइटांकडून व्हिएन्नाच्या लष्करी इतिहास-संग्रहालयांत आल्या. कागद व वस्तु एकत्र ठेवून वाचल्यानेंच ग्रंथांतरींचा प्रवाद खोडला जातो, याचें हें उत्तम उदाहरण होय.

आपल्या प्रांतींही हा प्रश्न आहेच. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन याचा वध केला. हा जॅक्सन स्वतः संस्कृतज्ञ होता. या प्रसंगाच्या कथनांत बहुधा ‘ब्राउनिंग पिस्तूल’ एवढाच निर्देश येतो. त्यावरून नमुना ठरत नाहीं. मात्र १९१० चा नमुना त्या वेळीं विक्रीस आलेला नव्हता, सबब तो वगळावा लागतो, एवढें निश्चित म्हणतां येतें.

एका घराण्यांतील असें एक पिस्तूल आम्हीं पाहिलें. मालकांनीं मोठ्या हौसेनें तें घासून, नवा निळा मुलामा चढवून चकचकीत केलें होतें. परिणामीं लेख अर्धा नाहींसा झाला होता आणि शिक्क्यांचे केवळ ठिपके उरले होते. पोथीच्या पुष्पिकेवर हरताळ फांसावी तसेंच हें झालें. आम्हांस फार वाईट वाटलें. गंज थोपविण्यापुरतें तेल लावावें. याहून अधिक कांहीं करूं नये.

शस्त्र अधिनियम १९५९ अन्वयें अशीं पिस्तुलें परवान्याविना बाळगतां येत नाहींत. परंतु जुन्या दुकानदारांच्या याद्या, विक्रीच्या पावत्या व परवान्यांच्या नोंदी जमविण्यास कोणतीच आडकाठी नाहीं. वाचकांपैकीं कोणाच्या दप्तरांत असे कागद असल्यास त्यांनीं ते अंकांसह, जसेच्या तसे उतरून, येथें प्रसिद्ध करावे, अशी आमची विनंति आहे.