थॉमस स्टीफन्स

फादर थॉमस स्टीफन्स (अंदाजे १५४९ – १६१९) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू व मराठी-कोकणी ग्रंथकार होते. राणी पहिली एलिझाबेथ हिच्या काळात कॅथलिक पंथीयांवर निर्बंध आल्यानंतर त्यांनी मायदेश सोडला आणि रोममार्गे १५७९ साली गोव्यात येऊन उर्वरित आयुष्य तेथेच व्यतीत केले. भारतात वास्तव्य करणारे पहिले ज्ञात इंग्रज म्हणून त्यांचा उल्लेख होतो. ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) ही त्यांची प्रमुख रचना होय. पोर्तुगीज कागदपत्रांत ते ‘तोमास एस्तेवाँव’ या नावाने, तसेच जन्मगावावरून पडलेल्या ‘बुस्तेन’ अशा नावांनीही आढळतात.

पार्श्वभूमी

१५५९ च्या कायद्यांनी इंग्लंडची राणी ही तेथील चर्चची सर्वोच्च अधिकारी ठरली आणि सर्वांसाठी एकच प्रार्थनापद्धती सक्तीची झाली. १५७० साली पोप पाचवे पायस यांनी एलिझाबेथला बहिष्कृत केले. त्यानंतर कॅथलिक असणे हा केवळ श्रद्धेचा प्रश्न न राहता राजनिष्ठेचा प्रश्न बनला. पोपचे आज्ञापत्र देशात आणणे १५७१ पासून राजद्रोह ठरले, तर १५८५ च्या कायद्याने परदेशी दीक्षा घेतलेल्या कॅथलिक धर्मगुरूने इंग्लंडमध्ये राहणे हाच देहदंडाचा गुन्हा झाला. या परिस्थितीत अनेक कॅथलिक तरुण शिक्षणासाठी व दीक्षेसाठी युरोपात निघून गेले.

प्रारंभिक जीवन व देशत्याग

स्टीफन्स यांचा जन्म विल्टशर परगण्यातील बुश्टन येथे झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. त्यांचे शिक्षण विंचेस्टर येथे झाले असावे, असे मानले जाते. तरुणपणी त्यांचा थॉमस पाउंड या सधन कॅथलिक गृहस्थाशी स्नेह जुळला. संशय येऊ नये म्हणून स्टीफन्स पाउंड यांचे सेवक असल्याचे भासवून त्यांच्यासोबत हिंडत असत. दोघांनी मिळून रोमला जाण्याचे ठरविले होते. परंतु निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि स्टीफन्स यांना एकट्यानेच जावे लागले. पाउंड यांची पुढील सुमारे तीस वर्षे बहुतांशी निरनिराळ्या तुरुंगांत गेली.

२० ऑक्टोबर १५७५ रोजी स्टीफन्स यांनी रोममध्ये येशूसंघात प्रवेश केला. १५७८ साली त्यांनी संघाच्या प्रमुखांकडे अर्ज करून तुरुंगातील मित्राला संघात घेण्याची विनंती केली. ती मान्य झाली आणि पाउंड कारावासात असतानाच येशूसंघाचे सदस्य झाले.

रॉबर्ट पर्सन्स, हेन्री गार्नेट आणि विल्यम वेस्टन हे इंग्रजही त्याच वर्षी संघात आले होते. हे तिघे पुढे गुप्तपणे इंग्लंडला परतले. पर्सन्स यांना पुन्हा युरोपात पळून जावे लागले, वेस्टन यांना दीर्घ कारावास भोगावा लागला आणि गार्नेट यांना १६०६ साली फाशी देण्यात आली. स्टीफन्स यांनी मात्र भारताचा मार्ग निवडला. ते पुन्हा मायदेशी गेले नाहीत.

गोव्यातील आगमन

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले. १० नोव्हेंबरला त्यांनी वडिलांना लिहिलेल्या पत्रात आफ्रिकेला वळसा घालून झालेल्या या प्रवासाचे तपशीलवार वर्णन आहे. जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली व त्यांपैकी सत्तावीस दगावली. इतर सफरींच्या मानाने ही हानी थोडीच समजली गेली, असे त्यात नमूद आहे. रिचर्ड हॅक्लुट याने हे पत्र आपल्या सागरप्रवासांच्या संग्रहात छापल्यामुळे भारताच्या सागरी मार्गाची माहिती इंग्रज वाचकांपर्यंत पोहोचली.

१५८० साली स्टीफन्स यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यांचे पुढील बहुतेक आयुष्य साष्टी (सालसेत) तालुक्यात गेले. येशूसंघाच्या साष्टीतील महाविद्यालयाचे ते काही काळ प्रमुख होते.

२४ ऑक्टोबर १५८३ रोजी बंधू रिचर्ड यांना लिहिलेल्या लॅटिन पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे नोंदविले. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली मांडलेल्या प्रसिद्ध प्रतिपादनाच्या दोनशे वर्षे आधीचे हे निरीक्षण भाषाभ्यासाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते.

इंग्रज व्यापाऱ्यांना साहाय्य

१५८३ साली जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स आणि चित्रकार जेम्स स्टोरी या इंग्रजांना पोर्तुगीजांनी होर्मुझ येथे पकडून गोव्यातील तुरुंगात आणले. त्यांच्यावर हेरगिरीचा संशय होता आणि प्रोटेस्टंट म्हणून पाखंडाच्या आरोपाचीही भीती होती. स्टीफन्स यांनी त्यांच्यासाठी रदबदली केली. आर्चबिशपांच्या सेवेत असलेला डच प्रवासी यान हाऊखेन व्हान लिन्सखोटेन यानेही त्यांना मदत केली. त्यांची तुरुंगातून सुटका झाली. स्टोरी गोव्यातच राहिला आणि उरलेले तिघे १५८४ साली गोव्यातून निसटले. ज्या राजवटीने कॅथलिक म्हणून स्टीफन्स यांना देशत्याग करावयास लावले, तिचीच ही प्रजा होती.

गोव्यातील धार्मिक परिस्थिती

स्टीफन्स ज्या प्रदेशात आले तेथे दंडसत्ता कॅथलिकांच्या हाती होती. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन कार्यरत होते आणि १५६७ साली साष्टीतील देवळे मोठ्या प्रमाणावर पाडली गेली होती. हिंदूंच्या सार्वजनिक विधींवर बंदी होती. अनेक कुटुंबे आपल्या देवतांसह पोर्तुगीज हद्दीबाहेर स्थलांतरित झाली. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांनी रोदोल्फो आक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइटांना ठार केले. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीच्या निमित्ताने असोळणे येथील किल्ल्यात बोलावून मारले. स्टीफन्स यांचे कार्य याच सत्तेच्या आश्रयाने चालले होते.

ख्रिस्तपुराण

नवख्रिस्ती समाजाला पूर्वीची पुराणे वाचण्यास मनाई होती, परंतु त्यांची जागा घेईल असे वाचन स्वभाषेत उपलब्ध नव्हते. धर्मशिक्षणाच्या वेळी एका ब्राह्मण ख्रिस्ती श्रोत्याने तसे पुराण मागितले, असा प्रसंग ग्रंथाच्या पहिल्या अवसरूत आला आहे. स्टीफन्स यांनी ही मागणी पुराणाच्याच रूपात पूर्ण केली.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. ‘पैले पुराण’ जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा सांगते व त्यात ३६ अवसरू (अध्याय) आहेत. ‘दुसरे पुराण’ येशूच्या चरित्रावर असून त्यात ५९ अवसरू आहेत. एकूण ओव्या सुमारे अकरा हजार आहेत. स्वर्गासाठी वैकुंठ, उद्धारासाठी मोक्ष असे श्रोत्यांच्या परिचयाचे शब्द त्यात योजलेले आहेत. आरंभीच मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या ओव्या असून, मराठीच्या गौरवाची उदाहरणे देताना त्यांचा नेहमी उल्लेख होतो. ग्रंथाची भाषा मराठी असून ती श्रोत्यांना सुलभ व्हावी म्हणून तीत कोकणी शब्द मिसळल्याचे लेखकाने स्पष्ट केले आहे.

देशी भाषा व लिपीत छपाई करता यावी यासाठी स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला पत्र लिहिले होते. जोडाक्षरांसह शेकडो खिळे लागत असल्याने हे काम अवघड होते. शेवटी ग्रंथ रोमन लिपीत रायतूर (राशोल) येथे १६१६ साली छापला गेला. १६४९ व १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही.

इतर ग्रंथ

‘दौत्रिना क्रिस्तां’ हे कोकणीतील प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ साली प्रसिद्ध झाले. ‘आर्ति दा लिंग्व कानारी’ हे पोर्तुगीजमध्ये लिहिलेले कोकणीचे व्याकरण दियोगु रिबैरु यांनी वाढवून १६४० साली रायतूर येथे छापले. ही दोन्ही पुस्तके स्टीफन्स यांच्या निधनानंतर प्रकाशित झाली.

मृत्यू व वारसा

स्टीफन्स यांचे १६१९ साली गोव्यात निधन झाले. पुढे देशी भाषांविषयीचे पोर्तुगीज धोरण कठोर होत गेले आणि १६८४ साली व्हाइसरॉयने कोकणीचा वापर मोडून काढण्याचा हुकूम काढला. ख्रिस्तपुराण मात्र हस्तलिखितांतून टिकले. गोव्यातून कानडा किनाऱ्यावर स्थलांतरित झालेल्या मंगळूरच्या ख्रिस्ती समाजात त्याचे वाचन चालू राहिले. तेथील प्रतींच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे रोमन लिपीतील आवृत्ती प्रसिद्ध केली. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती पुण्यात प्रकाशित झाली. लंडन येथील मार्सडन संग्रहात ग्रंथाचे देवनागरी हस्तलिखित आहे.

गोव्यातील पर्वरी येथील ‘थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र’ या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले आहे.