फुटांचा हिशेब, फायलीची पाटी

दौंड–मनमाड मार्गावर ‘बेलापूर’ अशी पाटी असलेल्या स्टेशनावर उतरले की माणूस श्रीरामपुरात पोचतो. बेलापूर गाव तिथून दूर, प्रवरेच्या काठी. पाटी एक, जागा दुसरी, हे आम्हा बेलापूरकरांच्या अंगवळणी पडले आहे. यंत्राला मात्र ते चालत नाही. इंटरनेटवरच्या व्हिडिओ जाहिराती दाखवण्याआधी कशा तपासतात, याचा मागोवा घेताना मी थेट सिनेमाच्या प्रोजेक्टरपाशी पोचलो.

३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, आणि पडद्यावर सेकंदाला २४. म्हणजे मिनिटाला ९० फूट. वीस सेकंदांचा साबणाचा जाहिरातपट ३० फुटांचा. टुरिंग टॉकीजच्या तंबूत १६ मिमीचे यंत्र असेल तर तीच जाहिरात १२ फुटांत बसे, पण तिची प्रिंट निराळी काढावी लागे. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली जाहिरातपटालाही प्रमाणपत्र लागे आणि त्यावर फिल्मची लांबी नोंदलेली असे. मला यातली मेख महत्त्वाची वाटते : कोणीतरी मजकूर पाहिला होता आणि पाहिलेली फिल्म केवढी होती, हे एकाच कागदावर होते.

दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६पासून जाहिराती सुरू झाल्या. टीव्हीच्या चौकटी सेकंदाला २५; त्यामुळे फिल्मवरची दहा सेकंदांची जाहिरात तशीच चालवली तर ९.६ सेकंदांत संपे.

२००८ साली अमेरिकेतील इंटरॲक्टिव्ह ॲडव्हर्टायझिंग ब्युरोने ‘व्हास्ट’ हा नमुना आणला. त्यात जाहिरातीसोबत एक मजकुराचे पान पाठवले जाते. त्या पानावर प्रत्येक मीडिया फाइलचा पत्ता, प्रकार, रुंदी, उंची आणि ती पोचवण्याची पद्धत लिहावीच लागते. एकाच जाहिरातीच्या अनेक फायली द्यायच्या, प्लेअरने आपल्याला झेपेल ती उचलायची. जुन्या ३५ आणि १६ मिमीच्या प्रिंटांसारखेच. २०१२च्या तिसऱ्या आवृत्तीत चुकांना क्रमांक मिळाले. कालावधी अपेक्षेहून वेगळा निघाला तर २०२, आकार वेगळा निघाला तर २०३, चालवता येईल अशी एकही फाइल सापडली नाही तर ४०३. २०१६च्या चौथ्या आवृत्तीत उच्च दर्जाची एक मूळ फाइल सोबत देण्याची सोय झाली. तिच्यावरून बाकीच्या फायली तयार करायच्या. जुना छायाचित्रकार तिला निगेटिव्हच म्हणेल!

आकार, प्रकार, कालावधी यांची एवढी बारीक चौकशी. पण औषधाने मधुमेह बरा होतो असा दावा आत असला, तर त्याला यातला एकही क्रमांक लागत नाही. पाटी आणि डबा जुळले की गाडी सुटली. १९८५ साली स्थापन झालेली ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ही जाहिरात उद्योगाची स्वनियमन संस्था; ती तक्रारी घेते, पण तक्रार होईपर्यंत जाहिरात लोकांनी पाहिलेली असते. पूर्वीचे सेन्सॉर मंडळ परत आणावे असे मी म्हणत नाही. त्याचे जाच वेगळे होते. पण आधी पाहणारा एक डोळा या साखळीतून गेला, हे खरे.

७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिशाभूल करणाऱ्या औषधी जाहिरातींच्या खटल्यात आदेश दिला, आणि १८ जूनपासून जाहिरातदारांना प्रसिद्धीपूर्वी स्वयंघोषणापत्र भरावे लागू लागले. जुलैत मंत्रालयाने ते अन्न आणि आरोग्य क्षेत्रांपुरते ठेवले. जाहिरात खरी आहे, हे त्या पत्रातही जाहिरातदारानेच लिहून द्यायचे होते.