सुपेर्गा, सायंकाळी 5.03

27 फेब्रुवारी 1949, रविवार, जेनोआ

इटलीने पोर्तुगालला 4-1 असं हरवलं. सामना संपल्यावर दोन्ही कर्णधारांचं बोलणं झालं. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को फेरैरा लिस्बनच्या बेनफिका क्लबचा. त्याच्या सन्मानासाठी एक सामना भरवायचा होता आणि समोर तोलामोलाचा संघ हवा होता. इटलीचा वालेंतिनो माझ्झोला हा तोरिनोचाही कर्णधार. त्याने येण्याचा शब्द दिला.

तोलामोलाचा म्हणजे किती, हे आकड्यांतच सांगितलेलं बरं. 1947-48 च्या हंगामात तोरिनोने 40 सामन्यांत 125 गोल केले. त्यातले 10 एकट्या अलेस्सांद्रियाविरुद्ध, एकाच दुपारी. घरच्या फिलाडेल्फिया मैदानावर हा संघ जानेवारी 1943 पासून लीगचा एकही सामना हरला नव्हता. मे 1947 मध्ये हंगेरीविरुद्ध इटलीच्या अकरा जणांपैकी दहा तोरिनोचे होते. उरलेला एक, गोलरक्षक, शेजारच्या युव्हेंटसचा. 1943, 1946, 1947, 1948 अशी चार विजेतेपदं गाठीशी होती (मधली दोन वर्षं युद्धात गेली) आणि पाचवं हाताशी आलं होतं.

संघ ट्युरिनचा, पण पोरं बहुतेक बाहेरची. माझ्झोला आद्दा नदीकाठच्या कास्सानोचा. आल्दो आणि दिनो हे बाल्लारिन बंधू किओज्जा या कोळ्यांच्या गावचे. गोलरक्षक बाचिगालुपो वादो लिगुरे या समुद्रकाठच्या लहानशा गावचा. त्या गावाचा क्लब एवढासा, पण इटालियन चषकाच्या पहिल्याच स्पर्धेत, 1922 मध्ये, तोच जिंकला होता. अध्यक्ष फेरुच्चो नोवो यांनी अशा गावांतून एकेक खेळाडू हेरून आणला होता.

30 एप्रिल, शनिवार, मिलान

लिस्बनला जाणं नोवोंना पसंत नव्हतं. हंगाम अखेरच्या टप्प्यात होता आणि दुसऱ्या क्रमांकावरचा इंटर पाठलाग करत होता. शेवटी त्यांनी अट घातली : इंटरविरुद्ध हरला नाहीत तर जा.

माझ्झोला आजारी असल्याने या सामन्यात खेळला नाही. सामना 0-0 सुटला. चार फेऱ्या शिल्लक, चार गुणांची आघाडी. विजयाला तेव्हा दोनच गुण मिळत, म्हणजे विजेतेपद जवळपास पक्कं झालं होतं. अट पाळली गेली.

1 मे, रविवार

संघ लिस्बनला निघाला. कोण गेलं आणि कोण राहिलं, याची यादी पुढे वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडी राहिली.

नोवो स्वतः आजारी पडले आणि घरी राहिले. बचावपटू साउरो तोमा गुडघ्याच्या दुखापतीमुळे राहिला. राखीव गोलरक्षक म्हणून रेनातो गांदोल्फी जायचा होता. आल्दो बाल्लारिनने आपल्या भावासाठी आग्रह धरला, म्हणून गांदोल्फीच्या जागी दिनो गेला. रेडिओवरचे प्रसिद्ध समालोचक निकोलो कारोझियो मुलाच्या दृढीकरण संस्कारासाठी घरी थांबले. हंगेरीतून पळून आलेला लास्लो कुबाला तेव्हा बुस्तो आर्सित्सिओ या गिरणगावातल्या प्रो पात्रिआ क्लबकडे होता. लिस्बनला तो पाहुणा खेळाडू म्हणून जाणार होता. ऐनवेळी मुलगा आजारी पडला आणि तोही राहिला.

माझ्झोला बरा नव्हता, पण शब्द त्याने दिला होता. तो गेला.

तीन पत्रकार गेले. त्यांतले रेनातो कासाल्बोरे हे ‘तुत्तोस्पोर्त’ या क्रीडापत्राचे संस्थापक. एर्नो एर्बस्टाइनही गेले. हंगेरीच्या या ज्यू प्रशिक्षकाला 1938 च्या वंशभेदी कायद्यांमुळे इटली सोडावी लागली होती. पुढे बुडापेस्टच्या श्रमछावणीतून निसटून ते वाचले आणि युद्ध संपल्यावर तोरिनोकडे परतले.

3 मे, मंगळवार, लिस्बन

राष्ट्रीय स्टेडियमवर सुमारे 40 हजार प्रेक्षक. बेनफिका 4, तोरिनो 3. तोरिनोसाठी ओसोला, बोंजोर्नी आणि मेंती यांनी गोल केले. मेंतीचा गोल अगदी शेवटी, पेनल्टीवर. या संघाचा तो शेवटचा गोल.

4 मे, बुधवार, सकाळी 9.40

विमानाने लिस्बन सोडलं. फियाट जी 212, तीन इंजिनांचं, नोंदणीची अक्षरं आय-ईएलसीई. ट्युरिनच्याच फियाट कंपनीने बनवलेलं हे विमान आव्हिओ लीनेए इतालियाने या कंपनीकडे होतं. मुख्य वैमानिक पिएरलुइजी मेरोनी. विमानात 18 खेळाडू, प्रशिक्षक आणि मालिशवाला मिळून तिघे, क्लबचे दोन पदाधिकारी, दौऱ्याचा एक आयोजक, तीन पत्रकार आणि चार कर्मचारी. एकूण 31.

दुपारी 1.00, बार्सिलोना

इंधन भरण्यासाठी थांबा. विमानतळावर मिलानचा संघ भेटला. तो माद्रिदला निघाला होता. थांबा पावणेदोन तासांपेक्षा थोडा जास्त झाला.

दुपारी 2.50

बार्सिलोनाहून उड्डाण. काप दे क्रेउस, तुलाँ, नीस, आल्बेंगा, सावोना असा मार्ग. समुद्राची कड धरून जायचं, सावोनावरून उत्तरेला वळायचं आणि डोंगर ओलांडून ट्युरिन गाठायचं. सावोनाच्या अलीकडेच वादो लिगुरे, बाचिगालुपोचं गाव. तिथून ट्युरिन अर्ध्या तासावर.

ट्युरिनची रचना इथे सांगायला हवी. शहराच्या पूर्वेला पो नदी आणि नदीपलीकडे टेकड्यांची रांग. विमानतळ शहराच्या दुसऱ्या, पश्चिमेच्या अंगाला. त्या टेकड्यांत पीनो तोरिनेझे हे गाव, आणि तिथे विमानांना दिशा देणारं रेडिओ केंद्र. पीनोवर यायचं, डावीकडे वळायचं, विमान सरळ करायचं आणि धावपट्टीकडे उतरत जायचं, अशी पद्धत होती. या वाटेने येताना सुपेर्गाची टेकडी उजव्या हाताला राहते. तिच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 670 मीटरवर, सव्होय राजघराण्याने अठराव्या शतकात बांधलेली बॅसिलिका आहे. स्वच्छ दिवशी ती शहरात कुठूनही दिसते.

दुपारी 4.55

विमानतळाने हवामान कळवलं. ढग जवळपास जमिनीला टेकलेले. पावसाच्या सरी. नैऋत्येकडून झोतांनी येणारा जोराचा लिबेच्चो वारा. समोरची दृश्यता 40 मीटर.

चाळीस मीटर म्हणजे फुटबॉलच्या मैदानाची अर्धी लांबीसुद्धा नाही.

नियंत्रण कक्षाने विमानाचं ठिकाणही विचारलं. उत्तर आलं नाही.

दुपारी 4.59

उत्तर आलं. उंची 2000 मीटर. पीनोवर दिशा धरतो आहोत, मग सुपेर्गाच्या बाजूने कापून येतो, एवढाच मजकूर. हवामानाबद्दल एक अक्षर नाही. दुसऱ्या विमानतळाकडे वळण्याबद्दल नाही. थांबून वाट पाहण्याबद्दलही नाही.

सगळा घटनाक्रम माझ्या मते या चार मिनिटांशी येऊन थांबतो. 4.55 ला मिळालेली माहिती अपुरी नव्हती, संदिग्ध नव्हती, उशिराही आली नव्हती. 40 मीटर दृश्यतेत, डोंगराळ भागात, नुसत्या बिनतारी दिशादर्शनाच्या भरवशावर उतरायचं की नाही, एवढंच ठरवायचं होतं. चार मिनिटांनी आलेल्या संदेशात ते ठरलेलं दिसतं. विमानात त्या चार मिनिटांत काय बोलणं झालं, हे सांगायला कोणी उरलं नाही. त्यामुळे वैमानिकाला दोष देणं सोपं आहे, म्हणूनच ते जपून करावं.

4.59 ते 5.03

पुढची चार मिनिटं तर्काने जुळवावी लागतात.

विमान पीनोच्या परिसरात आलं, वळलं, सरळ झालं आणि उतरण्याच्या तयारीला लागलं. इथवर सगळं रीतसर. पण वारा डावीकडून रेटत होता. खाली जमीन दिसत असती तर विमान वाटेच्या उजवीकडे सरकतंय, हे लगेच कळलं असतं. ढगात कळायला मार्ग नव्हता. वैमानिकाच्या हिशेबाने सुपेर्गा उजवीकडे होती. प्रत्यक्षात ती समोर होती.

उंचीचा प्रश्न वेगळा. 4.59 ला 2000 मीटर सांगणारं विमान चार मिनिटांनी बॅसिलिकेच्या उंचीवर होतं. उंचीमापकाचा काटा 2000 वरच अडकला होता, असा संशय पुढे व्यक्त झाला. तो खरा असेल, तर आपण टेकड्यांच्या कितीतरी वर आहोत अशाच समजुतीत मेरोनी उतरत होते.

सायंकाळी 5.03

बॅसिलिकेच्या मागच्या बाजूला मातीचा भराव अडवून धरणारी भिंत आहे. विमान ताशी 180 किलोमीटर वेगाने त्या भरावावर आदळलं. या वेगाला 40 मीटर अंतर कापायला एका सेकंदापेक्षा कमी वेळ लागतो.

31 पैकी 31 ठार.

सायंकाळी 5.05

नियंत्रण कक्षाने आय-ईएलसीईला पुन्हा त्याचं ठिकाण विचारलं.

संध्याकाळ

विमानाच्या शेपटीचा काही भाग तेवढा ओळखू येत होता. मृतदेहांची ओळख पटवण्याचं काम वित्तोरिओ पोझ्झो यांच्याकडे आलं. 1934 आणि 1938 असे दोन विश्वचषक इटलीला जिंकून देणारे हे प्रशिक्षक ट्युरिनचेच, आणि राष्ट्रीय संघात यांतल्या बहुतेकांना त्यांनीच खेळवलेलं. सगळ्यांना चेहऱ्याने ओळखणारा माणूस म्हणून ते तिथे उभे राहिले.

माझ्झोला 30 वर्षांचा होता. त्याचा मुलगा सांद्रो सहा वर्षांचा. तो पुढे इंटरकडून आणि इटलीकडून खेळला.

6 मे, शुक्रवार

अंत्ययात्रा. ट्युरिनची लोकसंख्या तेव्हा सुमारे 7 लाख होती. रस्त्यावर 5 लाखांहून अधिक माणसं होती.

त्यानंतर

उरलेले चार सामने तोरिनोच्या युवा संघाने खेळले. जेनोआ, पालेर्मो, साम्पदोरिया आणि फियोरेंतिना या प्रतिस्पर्ध्यांनीही आपापले युवा संघच उतरवले. तोरिनोने चारही सामने जिंकले. पाचवं विजेतेपद नोंदलं गेलं.

1950 च्या विश्वचषकासाठी इटलीचा संघ ब्राझीलला बोटीने गेला. गतविजेते पहिल्याच सामन्यात स्वीडनकडून 3-2 असे हरले आणि साखळीतच बाद झाले. तोरिनो 1959 मध्ये खालच्या श्रेणीत घसरला. त्याचं पुढचं विजेतेपद 1976 चं, आणि त्यानंतर एकही नाही.

लहान गावांनी आपापली माणसं नावाने परत घेतली. सावोनाचं मैदान बाचिगालुपोच्या नावाचं आहे, किओज्जाचं बाल्लारिन बंधूंच्या, वारेसेचं ओसोलाच्या. मेंतीच्या नावाची तर एकाहून जास्त आहेत : जन्मगाव विचेन्झात एक, आणि युद्धकाळात तो जिथे खेळला त्या नेपल्सजवळच्या कास्तेल्लामारे दी स्ताबियात दुसरं.

राहिला कोर्टाचा भाग. क्लबने विमान कंपनीकडे नुकसानभरपाई मागितली : आमचा अख्खा संघ गेला. 1953 मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. कायद्याच्या भाषेत खेळाडूचा मृत्यू हे क्लबचं थेट नुकसान ठरत नव्हतं. ऑक्टोबर 1967 मध्ये तोरिनोचाच 24 वर्षांचा खेळाडू मोटारीखाली सापडून मरण पावला. त्याचं नाव जीजी मेरोनी, वैमानिकाचं आडनाव. क्लब पुन्हा कोर्टात गेला. 1971 मध्ये त्याच न्यायालयाने भूमिका बदलली आणि क्लब अशी भरपाई मागू शकतो, हे तत्त्व मान्य केलं. सुपेर्गाचा खटला तोवर 18 वर्षांपूर्वीच निकालात निघालेला होता.