पहिली ग्रँडमास्टर बाई : नोना गाप्रिंदाश्विली



मध्यंतरी आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही मिटली आणि निघता निघता एकीने विचारलं, "ताई, ती नागपूरची पोरगी बुद्धिबळात ग्रँडमास्टर झाली म्हणतात. म्हणजे नक्की काय झाली?" प्रश्न साधा होता, पण आमच्यापैकी एकीलाही धड सांगता येईना. मग आम्ही वाचलं, चार जाणत्या माणसांना विचारलं. नागपूरच्या दिव्या देशमुखची माहिती शोधता शोधता आम्हाला एक दुसरीच बाई भेटली. तिचं नाव नोना गाप्रिंदाश्विली. जगातली पहिली ग्रँडमास्टर बाई. आणि तिलाच वयाच्या ऐंशीव्या वर्षी, आपल्याबद्दल बोललेल्या एका चुकीच्या वाक्यासाठी कोर्टात जावं लागलं. आजचं बोलणं तिच्यावर आहे.

आधी ग्रँडमास्टरचं समजून घेऊ. बुद्धिबळात जागतिक संघटना खेळाडूंना किताब देते. त्या संघटनेला फिडे म्हणतात. सगळ्यात वरचा किताब ग्रँडमास्टर. एकदा मिळाला की जन्मभर राहतो. बायकांसाठी 'वुमन ग्रँडमास्टर' असा एक वेगळा किताबही आहे, तो १९७६ पासून द्यायला लागले. त्याचं माप थोडं खालचं असतं. पण नुसता 'ग्रँडमास्टर' म्हटलं की बाई आणि पुरुष दोघांना माप एकच. नोनाला मिळाला तो हा एकाच मापाचा किताब.

नोनाचा देश जॉर्जिया. काळ्या समुद्राच्या काठचा डोंगराळ देश, आपल्या महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहूनही लहान. १९९१ पर्यंत तो सोव्हिएत संघात होता. तिकडची एक रीत ऐकून आम्हाला गंमत वाटली. आपण लेकीच्या लग्नात रुखवत मांडतो, तसं तिकडे पूर्वी लेकीला सासरी पाठवताना सामानात बुद्धिबळाचा पटही देत असत, असं सांगतात. म्हणजे बाईमाणसाने पटावर बसणं तिथे नवलाचं नव्हतं. पण घरात खेळणं वेगळं आणि जगापुढे खेळणं वेगळं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

नोनाचा जन्म ३ मे १९४१ चा, झुग्दिदी नावाच्या गावातला. पाच भाऊ आणि ही एकटी बहीण. भावांचं बघून पाचेक वर्षांची असतानाच ती खेळायला शिकली. वाख्तांग कार्सेलाद्झे नावाच्या प्रशिक्षकाने एका स्पर्धेत तिचा खेळ पाहिला आणि पोरीत पाणी आहे हे ओळखलं. बारा-तेरा वर्षांची नोना गाव सोडून राजधानीला, त्बिलिसीला शिकायला गेली. त्या वयात आपण लेकीला तालुक्याच्या शाळेत पाठवतानाही दहा वेळा विचार करतो.

पुढचा प्रवास वेगाने झाला. १९६१ साली युगोस्लाव्हियात एक मोठी स्पर्धा होती. ती जिंकणारीला महिलांच्या विश्वविजेतीशी खेळायला मिळणार होतं. नोना सोळा डाव खेळली. दहा जिंकले, सहा बरोबरीत सोडवले, हरली एकही नाही. दुसऱ्या वर्षी मॉस्कोत तिची गाठ पडली विश्वविजेत्या एलिझावेता बिकोव्हाशी. बिकोव्हा पन्नाशीला टेकलेली, मुरलेली खेळाडू आणि नोना एकवीस वर्षांची. सामना सोळा डावांचा ठरला होता, तो अकराव्या डावातच संपला. सात डाव नोनाने जिंकले, चार बरोबरीत. गुण झाले ९ विरुद्ध २.

ती खेळायची कशी, हे आम्ही एका खेळणाऱ्या भाच्याकडून पट मांडून समजून घेतलं. बुद्धिबळात दोन तऱ्हेचे खेळाडू असतात. एक जण बांध घालून बसतो, समोरचा कधी चुकतो याची वाट बघतो. दुसरा आपणहून चालून जातो. नोना चालून जाणारी. आपले मोहरे भराभर बाहेर काढायचे, आपला राजा कोपऱ्यात सुरक्षित ठेवायचा आणि समोरच्याच्या राजावर धडक मारायची, ही तिची चाल. त्यासाठी एखादं प्यादं, वेळ पडली तर मोठा मोहराही, ती देऊन टाकायची. मोहरा गेला तरी चालेल, पण समोरच्याला श्वास घ्यायला फुरसत द्यायची नाही. समोरचा आपला बचाव करण्यात गुंतला की त्याला आपल्यावर चालून यायला वेळच मिळत नाही.

अशा खेळात धोका असतो. धडक फसली की मोहराही गेला आणि डावही. पण नोनाला लवकर बरोबरी करून उठणं आवडत नसे. पट उघडा करायचा, गुंतागुंत वाढवायची आणि त्या गुंत्यातून आपण आधी वाट काढायची, यात तिचा हात कुणी धरत नसे. गटातली एक आजी हे ऐकून म्हणाली, "म्हणजे भांडायला भ्यायची नाही." आजीने आमच्यापेक्षा बरं सांगितलं.

१९६२ ते १९७८, अशी सोळा वर्षं नोना विश्वविजेती राहिली. या काळात अला कुशनीर तीनदा तिच्याशी भिडली, नाना अलेक्सांद्रिया एकदा. चारही वेळा किताब नोनाकडेच राहिला. बायकांमध्ये तिला टक्कर देणाऱ्या थोड्याच होत्या. मग खेळ वाढवायचा तर जायचं कुठे? ती पुरुषांच्या स्पर्धांत गेली.

इंग्लंडमध्ये हेस्टिंग्ज म्हणून समुद्रकाठचं गाव आहे. तिथे दर हिवाळ्यात मोठी स्पर्धा भरते. १९६३-६४ साली तिथली दुसऱ्या दर्जाची स्पर्धा नोनाने पुरुषांना हरवून जिंकली. त्यामुळे पुढच्या वर्षी तिला मुख्य स्पर्धेत जागा मिळाली. तिथे पॉल केरेससारखे जगातले नावाजलेले ग्रँडमास्टर होते. १९६५ साली इंग्लंडमध्येच डॉर्सेट भागात ती एकाच वेळी २८ पुरुषांशी खेळली. अठ्ठावीस पट ओळीने मांडलेले, प्रत्येकापुढे एक पुरुष बसलेला, आणि ही एकटी या पटावरून त्या पटावर चालत खेळी करत निघालेली.

आणि मग १९७७. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात लोन पाइन नावाचं डोंगराच्या पायथ्याचं छोटंसं गाव. तिथल्या स्पर्धेत ग्रँडमास्टरांची गर्दी होती. नऊ फेऱ्यांत नोनाने साडेसहा गुण मिळवले आणि बालाशोव, पानो आणि साहोविच या तिघांच्या बरोबरीने ती पहिल्या क्रमांकावर आली. किताबासाठी काही ठरावीक डाव खेळलेले असावे लागतात, त्या हिशेबात तिचे डाव थोडे कमी भरत होते. पण हा पराक्रमच एवढा मोठा होता की तो पुरेसा मानून १९७८ साली फिडेने तिला ग्रँडमास्टर केलं. जगात कुठल्याच बाईला तोवर हा किताब मिळाला नव्हता.

त्याच वर्षी तिचं विश्वविजेतेपद मात्र गेलं. हरवलं कुणी? तिच्याच देशातल्या माया चिबुर्दानिद्झे या सतरा वर्षांच्या मुलीने. नोनाचं बघून जॉर्जियातल्या पोरींची एक पिढी पटावर बसली होती, त्यातलीच ही एक. पुढे १९८४ साली माया जगातली दुसरी ग्रँडमास्टर बाई झाली. १९६२ पासून १९९१ पर्यंत महिलांचं विश्वविजेतेपद जॉर्जियाच्या बाहेर गेलं नाही. किताब गेला तरी नोना खेळायची थांबली नाही. १९८६ साली दुबईच्या ऑलिम्पियाडमध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, ती दहा डाव खेळली आणि दहाच्या दहा जिंकली. सत्तरी उलटल्यावरही ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धा तिने जिंकल्या.

आता त्या वाक्याकडे येऊ.

२०२० साली नेटफ्लिक्सवर 'द क्वीन्स गॅम्बिट' नावाची मालिका आली. बुद्धिबळ खेळणाऱ्या एका अमेरिकन मुलीची गोष्ट, पूर्ण काल्पनिक. पहिल्या महिन्याभरातच जगातल्या ६ कोटी २० लाख घरांत ती बघितली गेली, असं कंपनीनेच जाहीर केलं. शेवटच्या भागात १९६८ सालची मॉस्कोतली स्पर्धा दाखवली आहे. त्यात एक निवेदक नायिकेचं कौतुक करताना नोनाचं खरं नाव घेतो आणि म्हणतो की ती महिला विश्वविजेती असली तरी पुरुषांशी कधी खेळलेली नाही. मालिका ज्या कादंबरीवरून घेतली, त्या वॉल्टर टेव्हिस यांच्या १९८३ च्या पुस्तकात नेमकं उलटं आहे. तिथे लिहिलंय की नोना या ग्रँडमास्टरांशी पुष्कळदा खेळलेली आहे. म्हणजे पुस्तकात बरोबर होतं, पडद्यावर येताना बदललं गेलं. काल्पनिक पोरगी मोठी दिसावी म्हणून खऱ्या बाईची कमाई पुसली.

नोना गप्प बसली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये तिने अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या कोर्टात ५० लाख डॉलरचा दावा लावला. दाव्यात हिशेबच मांडला: १९६८ पर्यंत आपण कमीत कमी ५९ पुरुषांशी खेळलो आहोत आणि त्यात दहा तरी ग्रँडमास्टर होते. कंपनीचं म्हणणं होतं की गोष्ट काल्पनिक आहे, दावा फेटाळून लावा. कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये त्याला नकार दिला. गोष्ट काल्पनिक असली तरी खऱ्या माणसाचं खरं नाव घेऊन काहीही बोलता येत नाही, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोन्ही बाजूंनी आपसात प्रकरण मिटवलं.

हे वाचून झाल्यावर आम्ही थोडा वेळ गप्प होतो, कारण आम्हाला आमचीच एक चूक आठवली. आमच्या गटातली एक ताई पहाटे चारला उठते, तीन म्हशींची धार काढते, दूध घालून येते, मग शेतावर जाते. दोन वर्षांपूर्वी तिने आणखी एका म्हशीसाठी कर्जाचा अर्ज केला. 'व्यवसाय' या रकान्यापाशी आलो तेव्हा ती म्हणाली, "काय लिहिता, घरीच तर असते मी." आणि आम्ही लिहिलं, 'गृहिणी'. उत्पन्नापुढे काहीच लिहिलं नाही. अर्ज परत आला. उत्पन्न नाही तर हप्ता कशातून फेडणार, असा शेरा होता. त्या शेऱ्यात बँकेचं काय चुकलं? कागदावर आम्ही जे लिहिलं, तेच त्यांनी वाचलं. नोनाचा पराक्रम दुसऱ्यांनी पुसला होता. आमच्या ताईचा आम्हीच पुसला, आणि तोही आपल्या हाताने, निळ्या शाईच्या पेनाने.

आपल्या महाराष्ट्रातही पटापर्यंत पोचायला मुलींना भांडावं लागलं आहे. १९७६ साली मुंबईची तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा केवढा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी सांगितलं की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बायकांना बाई आहे म्हणून अडवता येणार नाही. रोहिणी आणि तिच्या दोन बहिणी, वासंती आणि जयश्री, या तिघींनी राष्ट्रीय महिला विजेतेपदं मिळवली. १९८१ साली रोहिणी आशियाची विजेती झाली.

आणि आता त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. २८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात समोर होती कोनेरू हम्पी, भारताची पहिली ग्रँडमास्टर बाई. या विजयामुळे दिव्याला थेट ग्रँडमास्टर किताब मिळाला. भारताची ती ८८ वी ग्रँडमास्टर आणि बायकांमध्ये चौथी. ८८ मध्ये चार, हा आकडा जरा मनात ठेवा. आणि ही स्पर्धा झाली कुठे? बातुमी गावी, जॉर्जियात, नोनाच्या देशात.

त्या ताईचा अर्ज आम्ही पुन्हा भरला. व्यवसाय : दुग्धव्यवसाय आणि शेती. रोजचं दूध किती, दर किती, चाऱ्याचा खर्च किती, डेअरीच्या पावत्या जोडल्या. चौथी म्हैस आता तिच्या गोठ्यात आहे. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते झाले की वही लगेच मिटू नका. प्रत्येकीच्या नावापुढे काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा, आणि चुकलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करा.